वैनगंगेच्या मुलखात: पाणी, पोट आणि मागे उरलेले दुखणे

चंद्रपूर शहराच्या जन्माची आख्यायिका पाण्याशी आणि एका जुनाट दुखण्याशी निगडित आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर गाठी व फोड होते आणि कोणत्याही वैद्याच्या औषधाने ते बरे होत नव्हते. एकदा शिकारीला निघालेला हा राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तेथे एका खळग्यात थोडे पाणी होते. त्या पाण्याने त्याने तोंड धुतले, तहान भागविली, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. सकाळी अंगावरच्या गाठी ओसरलेल्या दिसल्या. त्या जागी पुढे अंचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि जवळच परकोटाचे नवे शहर वसले, असे परंपरा सांगते. आजही अंचलेश्वर दरवाजाबाहेर हे मंदिर, गोंड राजांच्या समाध्या आणि थोड्याच अंतरावर महाकालीचे देऊळ पाहावयास मिळते. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाड्यातून हजारो भाविक येतात आणि झरपटीच्या काठावर माणसांची दाटी होते.

आख्यायिकेतील पाण्याने एका रात्रीत वर्षानुवर्षांचे दुखणे नेले. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र याच्या उलट घडल्याचे अधिक वेळा दिसते. एके दिवशी कोठेतरी प्यालेले पेलाभर पाणी वर्षानुवर्षांचे दुखणे मागे ठेवून जाते. जुलाब थांबतात, ताप उतरतो, रोगजंतू शरीरातून निघून जातात, तपासण्या निर्दोष येतात; परंतु पोट पूर्वीसारखे राहत नाही. वैद्यकात या अवस्थेला संसर्गोत्तर इरिटेबल बाउल सिंड्रोम, थोडक्यात संसर्गोत्तर आयबीएस, असे म्हणतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दल फिटले, पण व्याज चालू राहिले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा प्रवास करताना या विषयाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण हा सारा मुलूखच पाण्याचा आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि दोहोंच्या मध्ये वैनगंगा सीमारेषेसारखी उरली. पश्चिमेकडून वर्धा नदी येते; वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता बनते आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा भाताचा प्रदेश. गावोगावी तलाव आणि बोड्या. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बांधाबांधाला पाणी साचलेले असते, आणि विहीर, नाला व शेत यांतील अंतर पुसट होते. पोटाच्या संसर्गाचा हंगामही नेमका तोच.

जैन यात्रेकरूची या प्रदेशाशी पहिली ओळख बहुधा भद्रावतीला होते. नागपूर-चंद्रपूर रेल्वेमार्गावर भांदक या नावाच्या स्थानकापाशी हे गाव आहे. येथील श्री स्वप्नदेव केशरिया पार्श्वनाथ तीर्थाच्या नावातील ‘स्वप्नदेव’ हा शब्द या स्थानाचा स्वप्नात दृष्टांत झाला, या श्रद्धेतून आला आहे. गावाच्या एका अंगाला विजासनची बौद्ध लेणी आहेत, सभोवती जुन्या शिल्पांचे अवशेष विखुरले आहेत; ही नगरी किती पुरातन आहे हे त्यांवरून कळते. तीर्थावर धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे, उकळलेले पाणी मिळते. यात्रेकरूची काळजी येथे नसते. ती सुरू होते तीर्थाची कमान ओलांडल्यावर. रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फ घातलेले सरबत, लग्नाच्या मांडवातील पिंपात हात बुडवून काढलेले पाणी, सकाळी केलेली आणि दुपारपर्यंत उघडी राहिलेली चटणी, यांपैकी एखादी वस्तू कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला किंवा शिगेला या जंतूंना आत नेण्यास पुरेशी असते.

पुढचे चित्र अनेक घरांत सारखेच दिसते. भाताचा व्यापार करणारा एखादा चाळिशीचा गृहस्थ आठवडाभर जुलाब, मुरडा आणि तापाने अंथरुणाला खिळतो. औषधाने बरा होतो, दुकानावर येतो. दोन महिन्यांनी त्याच्या ध्यानात येते की, सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी तीन-चार वेळा शौचास जावे लागते, तरी पोट साफ झाल्याचे समाधान नाही. जेवण होताच ओटीपोटात कळ येते आणि शौचास गेल्यावर ती ओसरते. पोट फुगते. काही दिवस जुलाब, काही दिवस बद्धकोष्ठ. गिरणीवर जाताना वाटेत सोय कोठे आहे याचा तो आधी हिशेब करतो. मग बस टाळतो, पंगत टाळतो, शेवटी यात्रा टाळतो. घरचे म्हणतात, “सगळे रिपोर्ट चांगले आहेत, तुम्ही उगाच मनाला लावून घेता.” त्याचे खरे दुखणे येथून वाढते, कारण पोटाच्या त्रासात आता अविश्वासाची भर पडलेली असते.

हे दुखणे नवे नाही. अतिसार थांबल्यानंतरही ज्याचा अग्नी मंद आहे अशा माणसाने अहितकर आहार घेतला, तर त्याची ग्रहणी बिघडते, असा आशय सुश्रुतसंहितेत आला आहे. ग्रहणी आणि आयबीएस यांना एकच मानणे घाईचे ठरेल. पण जुलाब संपल्यावर आजार संपतोच असे नाही, हे निरीक्षण आपल्या वैद्यांनी फार पूर्वी नोंदविले होते. पाश्चात्त्य वैद्यकात दुसऱ्या महायुद्धानंतर आमांश होऊन गेलेल्या सैनिकांच्या रेंगाळणाऱ्या तक्रारींकडे लक्ष गेले. 1962 साली ऑक्सफर्ड येथील चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी 130 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांचा त्रास आतड्याच्या संसर्गापासून सुरू झाला होता.

तरीही ‘हा मनाचा खेळ’ हा शेरा सुटला नाही. त्याला ठोस उत्तर मिळाले ते एका दुर्घटनेतून. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे 2000 मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला, गुरांच्या शेणाचा अंश एका सार्वजनिक विहिरीत उतरला आणि क्लोरिन घालण्यात हयगय झालेली होती. ई-कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळाने घरोघर पोहोचले. 2,300 हून अधिक माणसे आजारी पडली, सात दगावली. संशोधकांनी पुढे अनेक वर्षे त्या गावाची तपासणी केली. दोन-तीन वर्षांनंतर, आजारी पडलेल्यांपैकी सुमारे 28 टक्के लोकांना आयबीएसची लक्षणे होती. आठ वर्षांनी हे प्रमाण 15.4 टक्क्यांवर आले; पण त्या वेळी आजारी न पडलेल्यांमध्ये ते केवळ 5.4 टक्के होते. एकच गाव, एकच हवा, एकच अन्न. फरक होता तो त्या आठवड्यातील पाण्याचा. 2017 साली जगभरच्या 45 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यावरून असे दिसले की, जंतुसंसर्गाने आतडे बिघडलेल्या दर दहा माणसांपैकी साधारण एकाला पुढे आयबीएस जडते. स्त्रियांमध्ये, आजार तीव्र व लांबलेला असल्यास, त्या काळात मनावर ताण असल्यास आणि प्रतिजैविके घेतलेली असल्यास ही शक्यता अधिक आढळते.

वॉकर्टनच्या आकड्यांत दिलासाही आहे आणि इशाराही. काळ जातो तसे बरेच जण सुधारतात, हा दिलासा. सगळेच सुधारत नाहीत आणि त्यांचे दुखणे काल्पनिक नाही, हा इशारा.

जंतू गेल्यावर आतड्यात नेमके काय उरते? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास अस्तरात दाह करणाऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या दिसतात. आतड्याच्या हालचालीला चालना देणारे सेरोटोनिन साठविणाऱ्या पेशीही वाढलेल्या असतात. अस्तराची चाळण जराशी सैल होते, आणि आतड्यात सुखाने नांदणाऱ्या उपकारक जंतूंचा समतोल ढळतो. परिणामी ज्या हालचालीची किंवा ज्या वायूची निरोगी माणसाला जाणीवही होत नाही, तीच या रुग्णाला कळ वाटते. 2021 साली बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक धागा पुढे आणला. संसर्गाच्या दिवसांत पोटात असलेल्या अन्नालाच शरीर चुकून शत्रू समजू लागते आणि पुढे ते अन्न येताच आतड्याच्या भिंतीत स्थानिक प्रतिक्रिया उमटते, असे त्यांना आढळले. हे संशोधन अद्याप वाढत आहे. पण ‘पूर्वी पचत होते ते आता पचत नाही’ या रुग्णाच्या तक्रारीला शरीरात आधार असू शकतो, एवढे त्यातून निश्चित कळते. मनाचा संबंध नाही असे नव्हे. आतडे आणि मेंदू एकमेकांशी मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. चिंतेने पोट बिघडते आणि बिघडलेल्या पोटाने चिंता वाढते. म्हणून रुग्णाला वेडगळ ठरविणे जितके चूक, तितकेच मनाच्या विश्रांतीकडे दुर्लक्ष करणेही चूक.

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करीत रस्ता वैनगंगेच्या पुलावर येतो आणि पलीकडे गडचिरोली लागते. तेथून धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी उभारलेल्या ‘सर्च’ संस्थेचे हे ठिकाण. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते हे ध्यानात आल्यावर येथील रुग्णालय त्यांच्याच गावाच्या धर्तीवर रचण्यात आले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. याच जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी केवळ 8 टक्के स्त्रियांची कधी तशी तपासणी झाली होती. तो अभ्यास आतड्याविषयी नव्हता. पण लाजेपोटी न बोललेले दुखणे म्हणजे नसलेले दुखणे नव्हे, हा धडा त्याने देशाला दिला, आणि शौचाच्या तक्रारीबाबत तो तंतोतंत लागू पडतो. व्यापारी घरांत मधुमेहाची चर्चा जेवणाच्या ताटावर होते. पोटाच्या या त्रासाविषयी मात्र सून सासूजवळ बोलत नाही आणि वडील मुलाजवळ बोलत नाहीत.

बोलावे, आणि ते डॉक्टरांजवळ बोलावे. कारण आपल्या देशात प्रत्येक रेंगाळणारे पोट म्हणजे आयबीएस नव्हे. 1960 च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील बेकर आणि मथान यांनी दक्षिण भारतातील ट्रॉपिकल स्प्रू या आजाराच्या साथींचा अभ्यास केला. त्यातही संसर्गानंतर जुलाब रेंगाळतात. परंतु अन्नातील सत्त्व शोषले न गेल्यामुळे माणूस खंगत जातो, आणि त्यावर उपचार आहेत. जिआर्डिया, अमिबा, आतड्याचा क्षय, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअॅक आजार आणि आतड्याचे दाहविकार यांची लक्षणेही वरवर अशीच असतात. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप येणे, रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे, पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे, घराण्यात आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी नागपूर गाठून तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घेणे हाच शहाणपणा. ही लक्षणे नसतील आणि पोटदुखी सरासरीने आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे तीन महिने असेल, तिचा संबंध शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी असेल आणि सुरुवात होऊन सहा महिने झाले असतील, तर आयबीएसचे निदान धरले जाते. मग दरवर्षी नव्या शहरात नव्या तपासण्या करीत राहण्याचे कारण उरत नाही.

आहाराच्या बाबतीत जैन स्वयंपाकघराला एक अनुकूलता आहे आणि एक अडचण. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा कमी करण्याची आहारपद्धती मांडली. तिला फॉडमॅप असे नाव आहे. त्या यादीत सर्वांत वरच्या पदार्थांत कांदा आणि लसूण आहेत. ते ज्या घरात येतच नाहीत, तेथे अर्धे काम आधीच झालेले असते. परंतु त्याच यादीत गहू, दूध, राजमा, हरभरा आणि इतर कडधान्येही आहेत, आणि चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य झाल्या की कडधान्ये, बेसन, पापड व तळलेले फरसाण यांचे प्रमाण वाढते. म्हणून सर्व काही सोडून देण्याऐवजी तीन-चार आठवडे संशयित पदार्थ बंद ठेवून नंतर एकेक परत घेऊन पाहावा, आणि हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. काय खाल्ले आणि काय झाले, याची वही ठेवावी. दुकानाचा रोजमेळ लिहिणाऱ्यास हे जड नाही. या भाताच्या मुलखात तर तांदूळ हा पोटाला सोसणारा आधार सहज मिळतो. तांदूळ, मुगाची पातळ डाळ, दुधी, पडवळ, ताक सोसत असेल तर ताक, एवढ्यावर कित्येकांचे पोट शांत होते. इसबगोल अनेकांस उपयोगी पडते. कळ थांबविणारी औषधे, विशिष्ट प्रतिजैविक, अल्प मात्रेतील मज्जातंतू शांत करणारी औषधे हे उपाय आहेत. ते डॉक्टरांनी ठरवावेत. शेवटच्या प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या म्हणजे डॉक्टरांनी मनोरुग्ण ठरविले, असा गैरसमज करून घेऊ नये.

व्रतांचा प्रश्न या घरांत हमखास येतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची शिस्त बहुतेक पोटांना मानवते. दीर्घ उपवास आणि त्यानंतरचे जड पारणे मात्र या रुग्णाला बाधू शकते. सोळा कारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या आधी ‘शक्तितः’ हा शब्द आहे, याचे स्मरण अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवावे. ज्याची शक्ती आजाराने उणी झाली आहे, त्याला उणेपणा वाटू नये, ही जबाबदारी कुटुंबाची.

उपचारापेक्षा मूळ संसर्ग टाळणे सोपे, आणि तेथे परंपरेचा हातभार मोठा आहे. गाळून पाणी पिणे हा जैन आचार. 2003 साली रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले होते. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. तथापि सुटे जंतू कापडातून निसटतात, म्हणून गाळल्यानंतर उकळणे हवे. उकळलेल्या पाण्याला शास्त्रात कालमर्यादा आहे, तीही योग्यच. उघड्या भांड्यात, ओल्या हाताने काढलेले शिळे उकळपाणी पुन्हा दूषित होते. एक सावधगिरी मात्र स्थानिक आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते आणि ते उकळून जात नाही. तेथे पाण्याची तपासणी करून वेगळी व्यवस्था करणे भाग आहे. जुलाब सुरू झालेच तर पहिली गोष्ट क्षारसंजीवनी. प्रतिजैविक मात्र दुकानातून मनाने घेऊ नये.

गडचिरोलीच्या दक्षिणेस चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता सागवानाच्या अरण्यात शिरतो. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठावर कोरीव मंदिरांचा समूह आहे. आलापल्लीच्या पुढे वस्ती विरळ होत जाते आणि हेमलकसा येते. 1973 साली बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी प्रारंभी झाडाखाली रुग्ण तपासले. थोड्याच अंतरावर भामरागड आहे. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो.

पोट बिघडलेला माणूस एवढ्या दूर येऊ शकतो काय? योग्य तयारीने येऊ शकतो. निघण्यापूर्वी दोन दिवस साधा आहार, प्रवासाच्या सकाळी हलके खाणे, स्वतःच्या वाहनाने छोटे टप्पे, थर्मासमध्ये उकळलेले पाणी, डब्यात भात, पिशवीत क्षारसंजीवनी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि बरोबर असे माणूस की ज्याला ‘गाडी थांबवा’ म्हणताना संकोच वाटणार नाही. यांतील शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. ती घरातूनच द्यावी लागते. मुलाने किंवा भावाने गाडी चालविताना आपणहून विचारले, “थांबायचे का?” तर भद्रावतीचे दर्शनच काय, तीन नद्यांचा संगमही फार दूर राहत नाही.